क्वेरीचं झाड करणं सोपं, त्यातली नावं ओळखणं अवघड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मालवणपासून हर्णैपर्यंतच्या काही मच्छीमार सहकारी संस्थांचा हिशेब एकाच सॉफ्टवेअरवर चालतो. सभासद, नौका, डिझेल वाटप, बंदरावर उतरलेली मासळी, सगळं एकाच डेटाबेसमध्ये आहे आणि टेबलांची नावंही मराठीत आहेत. डेटाबेसचं सॉफ्टवेअर आजवर ओरॅकल होतं, आता पोस्टग्रेसवर जायचंय. अहवालांच्या काहीशे क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, वेगवेगळ्या लोकांनी हाताने लिहून ठेवल्या आहेत. प्रत्येकीत ‘फक्त याच संस्थेच्या नोंदी’ ही अट प्रोग्रॅमने घालायची होती. तुम्ही रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुराचा साचा जुळवून) जागा शोधून अट चिकटवली आणि एका संस्थेच्या अहवालात दुसऱ्या संस्थेचं डिझेल दिसायला लागलं. आता १ जून ते ३१ जुलै, नौका शाकारून ठेवलेल्या असताना, हे निस्तरायचं आहे. सिंटॅक्स ट्री, म्हणजे क्वेरीच्या व्याकरणाचं झाड, वापरावं का आणि कोणती लायब्ररी घ्यावी, हे तुम्ही विचारलंय.

झाड वापरा. फक्त तुम्ही एक समजताय ती दोन कामं आहेत, आणि त्यातल्या एकाला झाड हा पहिला उपाय नाही. त्याकडे येतोच.

आधी चूक कुठे झाली ते पाहू. तुमच्या वर्णनावरून क्वेरी साधारण अशी असणार (इथे कीवर्डही देवनागरीत लिहितोय):

सिलेक्ट नौका_क्र, लिटर फ्रॉम डिझेल_वाटप व्हेअर महिना = ९ ऑर विशेष_मंजुरी = ट्रू

हिच्या शेवटी ‘अँड संस्था_क्र = १२’ चिकटलं. ‘अँड’ची पकड ‘ऑर’पेक्षा घट्ट असते. म्हणून ही अट फक्त विशेष मंजुरीला लागू झाली आणि सप्टेंबरचं डिझेल सगळ्या संस्थांचं आलं. यावर ‘मग कंस टाकू’ हे उत्तर सुचतं, पण कंस टाकायला जुनी अट कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळायला हवं, आणि नेमकं तेच मजकुराकडे बघून कळत नाही. मध्ये सबक्वेरी, म्हणजे क्वेरीच्या आतली क्वेरी, असेल तर तिचं स्वतःचं ‘व्हेअर’ असतं. शेवटी ‘ग्रुप बाय’ किंवा ‘ऑर्डर बाय’ असतं. शेऱ्याच्या मजकुरात, अवतरणचिन्हांच्या आत, कुणीतरी तोच शब्द लिहिलेला असतो. आणि ‘दिनांक बिटवीन अमुक अँड तमुक’ यातला ‘अँड’ तर दोन अटी जोडणारा नसतोच. १९७४ मध्ये आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी ही भाषा (एसक्यूएल) मांडली, तेव्हा ती इंग्रजी वाक्यासारखी वाचता यावी असा हेतू होता. ते साधलं, पण त्यामुळे एकच शब्द जागा बदलली की वेगळं काम करतो. जागा ओळखायला व्याकरण लागतं.

पार्सर तेच करतो. मजकुराचे तुकडे पाडतो, व्याकरणाचे नियम लावतो आणि झाड उभं करतो. झाडाच्या प्रत्येक सांध्याला नोड म्हणतात. वरच्या नोडवर ‘सिलेक्ट’. त्याच्याखाली हव्या असलेल्या कॉलमची यादी, ‘फ्रॉम’ची फांदी, ‘व्हेअर’ची फांदी. वरच्या क्वेरीत ‘व्हेअर’खाली एक ‘ऑर’ नोड आहे आणि त्याला दोन पोरं. अट घालायची म्हणजे नवा ‘अँड’ नोड करायचा, त्याच्या एका बाजूला जुना ‘ऑर’ आख्खा टांगायचा, दुसऱ्या बाजूला संस्थेची अट. झाडात संदिग्धता उरत नाही.

पण इथेही एक खोच आहे. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या पार्सरच्या झाडात कंस नावाची गोष्टच नसते. झाड परत मजकुरात उतरवताना जिथे लागेल तिथे कंस घातले जातात. एसक्यूएलग्लॉट या पायथन लायब्ररीत मात्र कंस हा वेगळा नोड आहे. तिथे तुम्ही हाताने ‘अँड’ नोड बनवून त्याखाली ‘ऑर’ लावलात, तर छापताना कंस येणार नाही आणि तीच जुनी चूक नव्या मार्गाने परत येईल. म्हणून नोड हाताने जोडू नका. अट जोडण्यासाठी लायब्ररीने दिलेलं फंक्शन वापरा, ते कंस घालून देतं.

इथवरचं कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये सापडेल. खरं काम पुढे आहे: झाडात दिसणारं नाव नेमकं कोणाचं?

विथ नौका ॲज (सिलेक्ट नौका_क्र, नाव फ्रॉम नौका व्हेअर प्रकार = 'यांत्रिक') सिलेक्ट ना.नाव, ड.लिटर फ्रॉम नौका ना लेफ्ट जॉइन डिझेल_वाटप ड ऑन ड.नौका_क्र = ना.नौका_क्र

यात ‘नौका’ हे टेबल म्हणून दोनदा वापरलंय. कंसातलं खरं टेबल आहे, बाहेरचं ‘विथ’ने तयार केलेलं तात्पुरतं. ‘झाडातले सगळे टेबल-नोड शोध आणि अट लाव’ असा कोड लिहिलात तर बाहेरच्या ‘नौका’वरही अट लागेल. तिथे संस्था_क्र हा कॉलम निवडलेलाच नाही, म्हणून क्वेरी मोडेल. मोडली तर नशीब म्हणायचं, कारण कळतं तरी. ‘विथ रिकर्सिव्ह’ असेल तर नियम उलटतो: कंसाच्या आतलं नावही त्या तात्पुरत्या टेबलाचंच धरलं जातं. गावात तीन गणपत असले की आडनाव आणि वाडी विचारावीच लागते, तसं प्रत्येक नावाला ‘तू कुठल्या स्कोपमधला’ (नाव क्वेरीच्या ज्या भागात लागू असतं तो स्कोप) हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एसक्यूएलग्लॉटमध्ये यासाठी स्कोप काढणारा भाग तयार आहे, आणि स्कीमा (कुठल्या टेबलात कुठले कॉलम याची यादी) दिला तर प्रत्येक कॉलमपुढे त्याच्या टेबलाचं नाव लावून देणाराही. तो आधी चालवा. स्कीमा न देता हे करायला जाऊ नका. ‘नाव’ हा कॉलम सभासदाचा की नौकेचा, हे नुसत्या क्वेरीवरून कुणालाच सांगता येत नाही.

वरच्याच उदाहरणात आणखी एक सापळा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. ‘लेफ्ट जॉइन’, म्हणजे डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवून उजव्यातल्या जुळतील तेवढ्या जोडणं. समजा तुम्ही ‘ड.संस्था_क्र = १२’ ही अट नेमाने मुख्य ‘व्हेअर’मध्ये घातली. ज्या नौकेने डिझेल उचललंच नाही तिच्या ओळीत ड-चे सगळे कॉलम नल (म्हणजे ‘किंमतच नाही’) आहेत. नल आणि १२ यांची तुलना खरी नाही, खोटी नाही, अज्ञात ठरते, आणि ‘व्हेअर’ फक्त खऱ्याला आत घेतं. ती नौका अहवालातून गायब. एररही येत नाही. ‘कोणी डिझेल उचललं नाही’ हा अहवाल रिकामा येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळ्यांनी उचललं. अट ‘ऑन’मध्ये घातली तर डिझेलच्या बाजूने बरोबर, पण डाव्या बाजूच्या टेबलाची अट ‘ऑन’मध्ये घातली तर ती गाळतच नाही. ‘फुल जॉइन’ला तर दोन्ही जागा चुकीच्या.

म्हणून ‘व्हेअर’ला हातच लावू नका. जिथे जिथे खऱ्या टेबलाचा नोड आहे, तो काढून तिथे छोटी सबक्वेरी बसवा:

(सिलेक्ट * फ्रॉम डिझेल_वाटप व्हेअर संस्था_क्र = १२) ॲज ड

मग जॉइन कुठल्याही प्रकारचा असो, ‘युनियन’च्या दहा फांद्या असोत, ‘एक्झिस्ट्स’च्या आत खोलवर काही असो, नियम एकच राहतो. पोस्टग्रेसचा प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) अशा साध्या सबक्वेऱ्या वरच्या क्वेरीत विरघळवून टाकतो, त्यामुळे वेगाची काळजी सहसा नको. मूळ एलियस (‘ड’सारखं टोपणनाव) तसाच ठेवा. एलियस नसेल तर टेबलाचंच नाव एलियस म्हणून द्या, नाहीतर ‘डिझेल_वाटप.लिटर’ असे उल्लेख लोंबकळत राहतात. स्कीमासकट (इथे स्कीमा म्हणजे टेबलांच्या गटाचं नाव) लिहिलेले तीन भागांचे उल्लेख, म्हणजे ‘हिशेब.नौका.नाव’ असले, मात्र तुटतील. ते आधी दोन भागांवर आणा. आणि बदलताना आधी सगळ्या टेबल-नोडची यादी गोळा करा, मग बदला. चालता चालता बदललंत तर नव्या सबक्वेरीतलं ‘डिझेल_वाटप’ पुन्हा सापडतं, त्याच्या जागी पुन्हा सबक्वेरी, आणि प्रोग्रॅम थांबतच नाही. काही लायब्ऱ्या बदललेल्या नोडच्या आत पुन्हा शिरत नाहीत, काही शिरतात, विसंबू नका. ‘अपडेट’ आणि ‘डिलीट’च्या लक्ष्य-टेबलाला ही युक्ती चालत नाही, तिथे ‘व्हेअर’च लागतं.

आता ते मघाचं. झाड ज्याला पहिला उपाय नाही ते काम. संस्थेची भिंत, म्हणजे एका संस्थेला दुसरीच्या नोंदी न दिसणं, हे काम एवढं महत्त्वाचं असेल, आणि डिझेलच्या परताव्याचे आकडे म्हटल्यावर ते आहेच, तर ते क्वेरी बदलणाऱ्या प्रोग्रॅमवर सोपवू नका. पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून, म्हणजे २०१६ पासून, रो-लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हे डेटाबेसनेच ठरवण्याची सोय) आहे. टेबलावर एकदा ती चालू करून पॉलिसी (म्हणजे तसा नियम) लावली की डेटाबेस स्वतः प्रत्येक वापरात ती अट घालतो. फंक्शनच्या आत स्ट्रिंग जोडून चालवलेल्या क्वेरीतही घालतो, जी तुमच्या पार्सरला कधीच दिसत नाही. आणि हे तोही झाडावरच करतो, फक्त नावं पूर्ण ओळखून झाल्यानंतरच्या झाडावर. तीन गोष्टी सांभाळा. टेबलाचा मालक असलेला युजर आणि सुपरयुजर यांना पॉलिसी लागू होत नाही, म्हणून ॲप्लिकेशनला वेगळा साधा युजर द्या (मालकावरही लादायची तर ‘फोर्स’चा पर्याय आहे, सुपरयुजरवर तोही चालत नाही). व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) हा त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालतो, त्यामुळे पॉलिसीला वळसा पडू शकतो. आवृत्ती १५ पासून व्ह्यूला ‘सिक्युरिटी इन्व्होकर’ लावता येतं, ते लावा. आणि कनेक्शन पूल (तीच कनेक्शनं आळीपाळीने सगळ्यांना देणं) वापरत असाल तर संस्था क्रमांक ‘सेट लोकल’ने ट्रान्झॅक्शनपुरताच ठेवा, नाहीतर देवगडच्या संस्थेचं कनेक्शन हर्णैच्या हातात तसंच जाईल.

मग झाड कशासाठी? ओरॅकलहून पोस्टग्रेसवर येण्यासाठी. इथे त्याला पर्याय नाही.

यातला बराचसा भाग कंटाळवाणा आणि सोपा आहे. एनव्हीएलचं कोअलेस होतं (दोन्ही फंक्शनं नलच्या जागी दुसरी किंमत देतात), जुन्या (+) खुणेचं ‘लेफ्ट जॉइन’ होतं, लायब्ररी बहुतेक करून देते. जिथे बदललेली क्वेरी नीट चालते आणि वेगळं उत्तर देते, ती ठिकाणं तुम्हाला स्वतः शोधावी लागतील. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग म्हणजे नल, आणि तरीही नलला स्ट्रिंग जोडली तर ती स्ट्रिंग शाबूत राहते. पोस्टग्रेसमध्ये दोन उभ्या रेघांनी नल जोडलं की आख्खं उत्तर नल. सभासदाच्या वडिलांचं नाव नोंदलेलं नसेल तर ओरॅकलमध्ये ‘नाव आडनाव’ छापलं जायचं, पोस्टग्रेसमध्ये पूर्ण नावाची जागाच कोरी. झाडात जोडणीचा नोड शोधा आणि त्याच्या जागी ‘कॉन्कॅट’ फंक्शन बसवा; ते नल वगळून जोडतं. ओरॅकलच्या ‘डिकोड’ फंक्शनचं ‘केस’ (अटीनुसार किंमत निवडणारी रचना) करतानाही असंच: ‘डिकोड’ नल आणि नल यांना समान मानतो, ‘केस’ मानत नाही. ओरॅकलच्या तारखेत वेळही असते. पोस्टग्रेसच्या ‘डेट’मध्ये नसते. ‘दिनांक = आज’ अशी तुलना असलेल्या प्रत्येक नोडची यादी काढून डोळ्यांनी बघा.

आणि रोनम, म्हणजे ओरॅकल निकालातल्या ओळींना देतो तो अनुक्रमांक. ‘व्हेअर रोनम <= १० ऑर्डर बाय लिटर डेस्क’ असं लिहिलेलं सापडेलच. ओरॅकल आधी कुठल्यातरी दहा ओळी उचलतो आणि मग त्या दहांना क्रम लावतो. याचं ‘लिमिट १०’ केलंत तर आधी क्रम लागतो आणि मग वरच्या दहा मिळतात. म्हणजे भाषांतर ‘सुधारून’ येतं. लिहिणाऱ्याला बहुधा सर्वाधिक डिझेल घेणाऱ्या दहा नौकाच हव्या होत्या, आणि जुना अहवाल इतके दिवस चुकीचा येत असणार. पण तो निर्णय प्रोग्रॅमने घेऊ नये. अशा क्वेऱ्या झाडात ओळखता येतात: एकाच ‘सिलेक्ट’मध्ये रोनमची अट आणि ‘ऑर्डर बाय’ दोन्ही. त्या बाजूला काढा आणि संस्थेच्या सचिवांना दोन्ही यादी दाखवा.

मराठी नावांबद्दल थोडं, कारण हे कुठल्या मॅन्युअलमध्ये एकत्र मिळत नाही. एक सुख आहे: अवतरणात नसलेली नावं ओरॅकल मोठ्या लिपीत नेतो, पोस्टग्रेस छोट्या, आणि त्यावरून होणारे घोळ देवनागरीला शिवत नाहीत. दुःख लांबीचं. पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा ६३ बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. ओरॅकलच्या नव्या आवृत्त्यांत मर्यादा १२८ बाइट आहे. तिथे ‘मच्छीमार_संस्था_नोंदणी_क्रमांक’ असा कॉलम बिनबोभाट चालतो. पोस्टग्रेस ते ‘मच्छीमार_संस्था_नोंदणी_’ इथे कापतो (मोजून बघा, बरोबर ६३ भरतात), आणि नुसती नोटीस देतो. शेजारी ‘मच्छीमार_संस्था_नोंदणी_दिनांक’ असेल तर दोघांचं नाव एकच. हे कापणं पार्सरच्या पहिल्या पायरीवरच होतं, त्यामुळे पोस्टग्रेसच्या पार्सरने दिलेल्या झाडात आधीच कापलेलं नाव असतं, तर एसक्यूएलग्लॉटच्या झाडात पूर्ण. दोन झाडांची तुलना करताना हे लक्षात नसेल तर डोकं फिरेल.

दुसरी गोष्ट जागा मोजण्याची. झाडातून क्वेरी परत छापली की मूळची मांडणी जाते, आणि पोस्टग्रेसचा पार्सर तर शेरे (क्वेरीत माणसांसाठी लिहिलेल्या टिपा) ठेवतच नाही. ज्या क्वेऱ्यांमधले शेरे जपायचे आहेत तिथे दुसरा मार्ग असा: झाड फक्त वाचायला वापरायचं, नोडबरोबर मिळणारी जागा घ्यायची आणि मूळ मजकुरात तेवढाच तुकडा बदलायचा. पण पोस्टग्रेस ही जागा बाइटमध्ये मोजतो आणि पायथनची स्ट्रिंग चिन्हांमध्ये. क्वेरीत आधी कुठे 'रत्नागिरी' आलं असेल तर तो शब्द पायथनला ९, पोस्टग्रेसला २७. पुढचं सगळं १८ घरं सरकलेलं. मजकूर आधी बाइटमध्ये बदला, मग कापाकापी करा, आणि शेवटाकडून सुरुवातीकडे या म्हणजे आधीच्या जागा हलत नाहीत.

लायब्ररीचं उत्तर लहान आहे. पायथनमधली एसक्यूएलपार्स घेऊ नका; ती क्वेरी सुबक मांडायला चांगली आहे, पण व्याकरण तपासत नाही आणि तिच्याकडून अर्थाची अपेक्षा ठेवू नये. एसक्यूएलग्लॉट ओरॅकल वाचते, पोस्टग्रेस लिहिते आणि तिला स्कोप कळतात, म्हणून मुख्य काम तिच्यावर. तिने लिहिलेलं पीजीलास्टमधून पुन्हा पार्स करा: ती लिबपीजीक्वेरीवर उभी आहे, म्हणजे आत पोस्टग्रेस सर्व्हरचंच व्याकरण आहे, त्यामुळे व्याकरणाच्या चुका सर्व्हरपर्यंत जायच्या आधीच पकडल्या जातात. सगळं जावामध्ये असेल तर जेएसक्यूएलपार्सर. अपाची कॅल्साइट समर्थ आहे, पण एवढ्या कामाला ते शिकण्यातच तुमची पावसाळी बंदी संपेल.

एसक्यूएलग्लॉटची एक सवय आधीच माहीत असू द्या. जे विधान तिला समजत नाही ते ती काही वेळा इशारा देऊन ‘कमांड’ नावाच्या नोडमध्ये मजकूर म्हणून तसंच गुंडाळून ठेवते. त्या झाडात टेबल-नोड शून्य. तुमचा कोड ‘कुठलंच संवेदनशील टेबल नाही’ म्हणून खुशाल पुढे जाऊ देतो. असा नोड दिसला की क्वेरी नाकारा आणि माणसाकडे पाठवा. त्याच जातीचा प्रकार म्हणजे ‘वरचा नोड सिलेक्ट आहे म्हणजे क्वेरी फक्त वाचते’ ही समजूत. पोस्टग्रेसमध्ये ‘विथ क्ष ॲज (डिलीट फ्रॉम नौका रिटर्निंग *) सिलेक्ट * फ्रॉम क्ष’ याचा वरचा नोड सिलेक्टच आहे. वाचन-परवानगी हवी तर तीही डेटाबेसच्या युजरला द्या, झाडावरून अंदाज बांधू नका.

तपासणीसाठी खऱ्या डेटाची नक्कल घेऊ नका, तिच्यात नेमक्या अडचणीच्या ओळी नसतात. छोटा डेटा हाताने बनवा: दोन संस्था, दोघींकडे एकाच क्रमांकाची नौका, एक नौका जिने डिझेल घेतलंच नाही, एक सभासद ज्याच्या वडिलांचं नाव कोरं, एक नोंद ऐन मध्यरात्रीची आणि एक दुपारची, एक नोंद जिचा संस्था_क्र नल. तोच डेटा ओरॅकलमध्येही भरा. जुनी क्वेरी तिथे चालवा, नवी पोस्टग्रेसवर, जुन्याचं उत्तर एका टेबलात आणून ठेवा आणि दोन्ही दिशांनी ‘एक्सेप्ट ऑल’ (एकीकडे आहेत आणि दुसरीकडे नाहीत त्या ओळी दाखवणारं) करा. नुसतं ‘एक्सेप्ट’ केलंत तर एकच ओळ दोनदा आली की तीनदा हे कळणार नाही, आणि चुकलेला जॉइन बहुतेकदा तिथेच दिसतो.